दुसऱ्यांच्या आकाशातली ग्रहणं

गच्ची कच्च्या विटांची आहे. दिवसभर तापलेली, अजून निवलेली नाही. तळपायांना ऊब लागते. साल इसवी सनापूर्वी ३३१, तारीख २० सप्टेंबर. अर्थात ही तारीख तुमची. इथल्या लोकांच्या हिशेबी आज उलूलू महिन्याची तेरावी रात्र आहे आणि तिसऱ्या दारियसच्या कारकिर्दीचं पाचवं वर्ष चालू आहे. खाली बाबिलोन पसरलंय. मर्दुकच्या देवळाच्या आवारात दिवे हलताहेत, माणसांचा गलका वाढतोय.

तुमच्या शेजारी बसलेला माणूस गलक्याकडे लक्ष देत नाही, तुमच्याकडेही नाही. त्याच्या डाव्या तळहातावर ओल्या मातीची वडी आहे आणि उजव्या हातात बोरू. तो मातीवर ओरखडत नाही, बोरूचं टोक नुसतं दाबतो आणि उचलतो. प्रत्येक दाबाला एक पाचर उमटते. मधेच वडीवर ओलं फडकं टाकतो, कारण माती सुकली की संपलं, पुढची ओळ बसायची नाही. चंद्राची डावी कड धुरकट झाली तेव्हा त्याने एक ओळ लिहिली होती. आता अख्खा चंद्र तांबूस झालाय आणि तो पश्चिमेकडे मान वळवून बसलाय.

ग्रहण पूर्वेला असताना हा पश्चिमेला काय बघतोय, असं तुम्हाला वाटेल. तो गुरू शोधतोय. गुरू आकाशात असला तर राजाला भय नाही, असं इथलं शास्त्र सांगतं. गुरू मावळलाय. शनी उगवलाय. तो ओल्या बोटाने वारा बघतो: पश्चिमेचा. हेही लिहितो. थोड्या वेळाने चंद्र सुटायला लागेल तेव्हा वारा पूर्वेचा झाल्याचीही नोंद होईल. त्याच्या चेहऱ्यावर भीती नाही, पण निश्चिंतीही नाही. राजाला काय सांगायचं, ही काळजी असलेल्या सरकारी माणसाचा तो चेहरा आहे.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. अकरा दिवसांनी, १ ऑक्टोबरला, उत्तरेला गौगामेलाच्या मैदानावर दारियस हरणार आहे. टायग्रिसच्या काठावर अलेक्झांडरच्या छावणीतूनही हाच तांबडा चंद्र दिसतोय आणि तिथेही सैनिकांचं धाबं दणाणलंय. अलेक्झांडर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी अशा तिघांनाही बळी देऊन मोकळा होतो, म्हणजे ग्रहणाला जबाबदार कोण हा प्रश्नच उरत नाही. त्याचा ज्योतिषी शकुन अनुकूल असल्याचं सांगतो. एकच चंद्र, दोन छावण्या, दोन अर्थ. तुम्ही शेजारच्या माणसाला यातलं काही सांगू नका. चोवीस तारखेखाली लढाईची नोंद तो आणि त्याचे सोबती स्वतःच करतील, बार्लीच्या भावाच्या आणि नदीच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदींसोबत. ही वडी पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाणार आहे, तुटक्या अवस्थेत, पण वाचता येईल इतपत.

विचारायचंच असेल तर एवढं विचारा: हे आज होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?

तो पहिल्यांदाच तुमच्याकडे बघतो. उत्तर न देता उठतो आणि दिवा घेऊन जिना उतरतो. तुम्ही मागोमाग जा.

खालच्या खोलीत मातीच्या वड्यांच्या उतरंडी आहेत. तो एक मोठी वडी पुढे ओढतो. तिच्यावर उभे रकाने आखलेले आहेत आणि एकेका रकान्यात अठरा वर्षांची चंद्रग्रहणं आहेत. नोंदी नबोनस्सर राजापासूनच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी ७४७ पासूनच्या. चारशे वर्षांहून जास्त. रकाना वरून खाली वाचला तर ग्रहणांचा क्रम लागतो: एक झालं की सहा महिन्यांनी दुसरं, मग पुन्हा सहा, मधेच कधी पाच. तेहतीस वेळा सहा आणि पाच वेळा पाच. बेरीज करून बघा, २२३ महिने होतात. पण तो बोट उभं फिरवत नाही. तो आडवं फिरवतो, एका रकान्यातून शेजारच्या, तिथून पुढच्या. आडव्या ओळीत प्रत्येक वेळी तेच ग्रहण भेटतं: तोच ग्रास, त्याच बाजूने, जवळजवळ तेवढाच वेळ. कुणाच्या अंगात आलं नाही, कुणाला दृष्टान्त झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पगारी कारकुनांनी न चुकता लिहिलं आणि एके दिवशी कुणीतरी रकाने शेजारीशेजारी मांडले. माणसाच्या बुद्धीचा मला अभिमान वाटतो तो अशा ठिकाणी.

यामागचं गणित त्याला त्याच्या पद्धतीने माहीत आहे. तुमच्यासाठी ते असं. चंद्राला तीन वेगवेगळे महिने लागू होतात. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवसांचा. राहूपाशी येऊन पुन्हा राहूपाशी पोचायचा २७.२१ दिवसांचा, कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे, ती दोन जागी छेदते आणि त्या छेदाशी पौर्णिमा पडली तरच चंद्र सावलीत सापडतो. तिसरा महिना पृथ्वीपासूनच्या अंतराचा: जवळून जवळ, २७.५५ दिवस. आता पहिल्या जातीचे २२३ महिने घ्या, दुसऱ्या जातीचे २४२, तिसऱ्या जातीचे २३९. तिन्ही गुणाकार ६,५८५ दिवसांवर काही तासांच्या फरकाने येऊन थांबतात. १८ वर्षं, ११ दिवस आणि सरासरी ८ तास. याला आज ‘सारोस’ म्हणतात. हे नाव एडमंड हॅलेने सतराव्या शतकात चिकटवलं आणि बाबिलोनचे लोक ते या अर्थाने वापरत नव्हते.

खरी गंमत त्या आठ तासांत आहे. दिवस पूर्ण भरले असते तर ग्रहण प्रत्येक वेळी याच गच्चीवर आलं असतं. पण ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते. त्यामुळे आजच्या ग्रहणाचं पुढचं भावंड येईल ते इथे नव्हे, पश्चिमेला, दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर. वडीवरच्या काही नोंदींपुढे कारकुनाने खुणा केल्या आहेत. ही ग्रहणं हिशेबाने झाली, पण दिवसा, चंद्र क्षितिजाखाली असताना. कुणीही पाहिली नाहीत. तरी लिहिली आहेत. त्यांचा रकाना रिकामा सोडला असता तर आडवी ओळ तुटली असती.

हिशेब कळला म्हणून भीती गेली, असं मात्र समजू नका. इथूनच साडेतीनशे वर्षं मागे, उत्तरेला निनवेत डोकावून या. असुरांचा राजा एसरहद्दोन याच्या काळात ग्रहण राजाच्या जिवावरचं निघालं की एक बदली राजा गादीवर बसवत. खरा राजा तोवर लपून राहायचा आणि दरबारची पत्रं त्याला ‘शेतकरी’ म्हणून यायची. इसवी सनापूर्वी ६७१ मध्ये दम्की नावाचा तरुण असा बसवला गेला. अक्कडच्या देवळाच्या कारभाऱ्याचा मुलगा. मुदत संपल्यावर तो आणि त्याची राणी ‘आपल्या नशिबाला गेले’. दोघांना इतमामाने पुरलं, रडारड झाली, राजाला तसं पत्र गेलं. ग्रहण आधी कळत असल्यामुळे एक सोय झाली होती: बळी वेळेवर तयार ठेवता येत होता.

आता भराभर चला.

भूमध्य समुद्रात, अँटिकिथेरा बेटाजवळ, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बुडालेल्या जहाजात एक काशाच्या दातेरी चाकांची पेटी आहे. ती १९०१ साली वर निघेल. तिच्या पाठीवर चार वेढ्यांची चक्राकार पट्टी आहे आणि पट्टीवर २२३ घरं. ज्या घरात चंद्रग्रहण आहे तिथे ‘सेलेने’चा सिग्मा कोरलाय, सूर्यग्रहणाला ‘हेलिओस’चं अक्षर. पण तुम्ही शेजारची ती छोटी तबकडी बघा. तिचे तीन भाग आहेत: एक कोरा, एकावर ८, एकावर १६. वेढा एकदा संपला की वेळेत आठ तास मिळवा, दुसऱ्यांदा संपला की सोळा, तिसऱ्यांदा काही नको. बाबिलोनच्या कारकुनाची दुखती नस ग्रीक कारागिराने दातेरी चाकात बसवली आहे.

जमैकाला थांबायचं नाही. कोलंबसाने १५०४ साली पंचांगातलं ग्रहण दाखवून तिथल्या लोकांकडून अन्न उकळलं, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली आहे आणि ती सांगताना अजूनही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

त्यापेक्षा कोकणात उतरा. शके १४४२, म्हणजे १५२०. मुरूड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव. इथे गणेश दैवज्ञ ‘ग्रहलाघव’ लिहितोय. याच्याकडे जुन्या ग्रहणांचे रकाने नाहीत आणि त्याला ते नकोच आहेत. तो प्रत्येक पौर्णिमेला नव्याने गणित मांडतो: सूर्य कुठे, चंद्र कुठे, राहू कुठे. दिवसांचे प्रचंड आकडे टाळायला त्याने ४,०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे ११ वर्षांचं एक चक्र धरलंय आणि ज्या-कोटिज्यांच्या कटकटीशिवाय सगळं साध्या गुणाकार-भागाकारांत बसवलंय. खेड्यातल्या जोश्याला पाटीवर करता यावं इतकं सुटसुटीत. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं याच पोथीवर चालली. बाबिलोनने आठवणीवर भिस्त ठेवली, नांदगावने गणितावर. निघालेली तारीख एकच.

आता दर सारोसने परतणाऱ्या ग्रहणांचं एक घराणं निवडा आणि त्याच्याबरोबर अखेरपर्यंत चला. खगोलवाले त्याला १२९ क्रमांकाने ओळखतात.

१० जून १३५१. दख्खनेत बहमनी राज्य स्थापन होऊन चार वर्षं झाली आहेत. युरोप प्लेगमधून उठतोय. चंद्र पृथ्वीच्या विरळ उपच्छायेच्या काठाला किंचित घासून जातो. तुम्ही टक लावून बघितलंत तरी काही दिसणार नाही. डोळ्याला कळेल इतका फरकच पडत नाही. घराण्याचा जन्म असा, कुणाच्याही नकळत. पुढच्या नऊ फेऱ्याही तशाच. एकशे ऐंशी वर्षांनी, २६ सप्टेंबर १५३१ ला, खऱ्या सावलीचा पहिला घास चंद्राला लागतो. मग एकवीस खंडग्रास ग्रहणं, बहुतेक प्रत्येक फेरीला घास मोठा होत जाणारा. ११ मे १८९२ ला चंद्राची बारीकशी कड तेवढी बाहेर उरते. २४ मे १९१० ला तीही जाते: पहिलं खग्रास. ते अमेरिकेच्या रात्रीत पडलं. त्याच आठवड्यात हॅलेचा धूमकेतू गाजत होता, त्यामुळे चंद्राचं फारसं कौतुक झालं नसावं. पुण्यात तेव्हा दिवसाचे अकरा वाजले होते.

३ जून १९२८ ला चंद्र महाराष्ट्रात उगवला तो अर्धवट सुटलेला. ग्रस्तोदित. पुढची फेरी मात्र थेट आपल्या अंगणात.

१४ जून १९४६, रात्रीचे साडेदहा. पुण्यातला वाडा. स्पर्श होऊन थोडा वेळ झालाय. आज वटपौर्णिमा. बायकांना तसाही उपास आहे, त्यामुळे वेधांचं कुणाला जड गेलेलं नाही. पुरुषमंडळी मात्र दुपारपासून स्वयंपाकघराभोवती घुटमळून गेली आहेत. पाण्याच्या घागरींत आणि लोणच्याच्या बरण्यांवर तुळशीची पानं पडली आहेत. माजघरात एक दिवस भरत आलेली सून भिंतीला टेकून बसली आहे आणि तिच्या हाताशी विळी, सुरी, सुई काही राहणार नाही याची काळजी चौघीजणी घेताहेत. मृग चालू आहे, तेव्हा चंद्र ढगांतून दिसेल तेवढा आपला.

“अहो पाहुणे, तिथे उघड्यावर काय उभे राहिलात?” सासूबाई ओट्यावरून विचारतात. “इकडे या, जप करत बसा. मोक्ष व्हायला दोन वाजतील.”

दोन हे त्यांना कसं कळलं? भिंतीला खिळ्यावर पंचांग टांगलंय. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष, सगळे तास-मिनिटांत छापलेले. बारा वाजून गेले की मध्य आहे. रस्त्यावरून “दे दान, सुटे गिऱ्हाण” अशी हाळी येते आणि सासूबाई आतून पायली भरून धान्य आणायला सांगतात. त्यांचा नातू कॉलेजात शिकतो. तो म्हणतो, “आजी, ही पृथ्वीची सावली आहे.” त्या म्हणतात, “असू दे की. सावली आहे म्हणून कुणाला भूक लागायची राहते का?” यावर त्याच्याजवळ उत्तर नाही. माझ्याजवळही नाही.

पुस्तकातला नियम धरला तर इथून तीन उड्यांनी, ५४ वर्षं आणि महिनाभराने, ग्रहण पुन्हा मध्यरात्रीच याच वाड्यावर यायला हवं. ते तसं येत नाही, आणि हे मला पुस्तकातल्या नियमापेक्षा जास्त आवडतं. आठ तास ही सरासरी. पृथ्वी आणि चंद्र दोघांच्याही वाटा लांबट, दोघांचाही वेग कमी-जास्त होणारा. त्यामुळे हे घराणं या शतकांत साडेसहा तासांच्या आसपासच्या टप्प्याने चालतंय. १९६४ च्या २५ जूनला ते पहाटे लागलं आणि चंद्र ग्रासलेलाच मावळला. ६ जुलै १९८२ ला भारतात भर दुपार होती. ते अमेरिकेने पाहिलं. पंचांगात अशा ग्रहणापुढे एक ठरलेली ओळ असते: भारतात दिसणार नाही, पाळू नये. बाबिलोनच्या वडीवरच्या खुणेची ही थेट वारस. पाळायचं नाही, पण छापायचं मात्र असतं.

१६ जुलै २०००. पंढरपूर. आज आषाढ पौर्णिमा, गोपाळकाला झालाय, पालख्या परत निघाल्या आहेत. वाळवंटात उभे राहून पूर्वेकडे बघा. आषाढातल्या ढगांची हमी कुणी देत नाही, पण त्यांच्यामागे जो चंद्र सव्वासातच्या सुमारास वर येतोय तो पूर्ण ग्रासलेलाच उगवतोय. मध्य ७ वाजून २६ मिनिटांनी. या घराण्याची ही ऐन भरातली फेरी आहे: चंद्र सावलीच्या जवळजवळ मधोमध शिरलाय आणि त्यात तो पृथ्वीपासून दूर असल्यामुळे संथ चालतोय. खग्रास स्थिती १०६ मिनिटं. याहून फार लांबणं भूमितीलाच शक्य नाही.

१८ वर्षं ११ दिवसांनी, २७ जुलै २०१८. पुन्हा गुरुपौर्णिमा. २२३ महिन्यांत अधिक मास सोयीने बसले की मराठी महिना तोच राहतो, नाहीतर एक पुढे सरकतो. म्हणून वटपौर्णिमेचं घराणं आता गुरुपौर्णिमेवर येऊन बसलंय. या वेळी मध्य पहाटे १ वाजून ५२ मिनिटांनी आणि ग्रहण आरंभापासून मोक्षापर्यंत सगळं भारताच्या रात्रीत. तीन नव्हे, चार उड्यांनी चंद्र वाड्याच्या वेळेला परत आला. वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत उभी आहे. तुम्ही गच्चीवर जा. तिथे मोबाइल उंच धरलेली माणसं आहेत आणि ती शेजारच्या लाल ठिपक्याला ग्रहणाचाच भाग समजताहेत. तो मंगळ. आजच तो सूर्याच्या बरोबर समोर आलाय.

७ ऑगस्ट २०३६ ला पंचांगात पुन्हा ती ओळ छापली जाईल: भारतात दिसणार नाही. २०५४ लाही तीच. मग २८ ऑगस्ट २०७२, नारळी पौर्णिमा. मुंबईच्या कोळीवाड्यांत दर्याला नारळ देऊन लोक घरी परतलेले असतील, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रहणमध्य. तोवर चंद्र सावलीच्या मधून ढळून कडेला सरकलेला असेल. ८ सप्टेंबर २०९० ला या घराण्याचं शेवटचं खग्रास. एकूण अकराच. त्यानंतर घास लहान होत जाणार, २४६९ पर्यंत खंडग्रास, मग पुन्हा ती न दिसणारी उपच्छाया. २४ जुलै २६१३ ला एकाहत्तरावं आणि अखेरचं ग्रहण. तिथे जाण्यात अर्थ नाही. बघण्यासारखं काही नसेल. पहिल्या दोन गुणाकारांतला जो थोडासा फरक आपण मघाशी सोडून दिला होता, तो साडेबाराशे वर्षांत साठत जाऊन घराणं संपवतो.

अशी घराणी एकावेळी चाळीसच्या आसपास चालू असतात; एक विझतं तोवर दुसरं कुठेतरी काठाला घासायला लागलेलं असतं. तुम्ही परत आपल्या काळात या. तुमच्या वाट्याचं एक जवळच आहे: ३१ डिसेंबर २०२८, रात्री १० वाजून २२ मिनिटांनी मध्य, खग्रास, भारतभर, आणि डिसेंबर असल्यामुळे ढगांचा प्रश्नही फारसा नाही. नववर्षाच्या पार्टीला गच्चीवर असाल तर वर बघा. हे १२५ वं घराणं. १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे ते भारतात आलं होतं. त्यानंतरची फेरी, २१ डिसेंबर २०१० ची, अमेरिकेच्या वाट्याला गेली. त्या साली आपल्या पंचांगात काय छापलं होतं ते तुम्हाला आता सांगायला नको.